फ्लेक्सवरचे समाजसेवक आणि विधानसभेतले तीन खरे सोशल वर्कर

बर्नबीकरीण

व्हँकुव्हरच्या डाउनटाउनमध्ये डेव्ही आणि रिचर्ड्स या रस्त्यांच्या कोपऱ्यावर एक आटोपशीर बाग आहे. नाव एमरी बार्न्स पार्क. पोरगं तिथल्या पाण्याच्या ओहोळात बूट भिजवतं आणि मी बाकावर बसून त्याला ओरडते, असे आमचे बरेच रविवार गेलेत. दोन वर्षं मी धरून चालले होते की हा एमरी बार्न्स कोणी लाकडाचा व्यापारी असणार. इथे निम्म्या गोष्टींना त्यांचीच नावं. परवा सहज शोधलं, तर माणूस आमच्याच बिरादरीतला निघाला! शिकलेला सोशल वर्कर.

आता 'सोशल वर्कर' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे काय येतं ते मला माहीत आहे. चौकातला फ्लेक्स, पांढरा शर्ट, गॉगल, 'युवा नेते, समाजसेवक, भावी नगरसेवक', खाली पंधरा चिल्लर चेहरे. मी पुण्यात एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) केलं तेव्हा मामा सगळ्यांना सांगत होता, "आमची भाची समाजसेवा शिकते." समाजसेवा शिकतात का कधी, ती तर करतात, असं लोकांच्या तोंडावर स्पष्ट दिसायचं. इथे कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात (पुढे नुसतं बीसी म्हणते) ही उपाधी कायद्याने राखीव आहे. कॉलेज ऑफ सोशल वर्कर्सच्या (हे शिकायचं कॉलेज नव्हे, नोंदणी करणारी संस्था) नोंदवहीत नाव नसेल तर स्वतःला सोशल वर्कर म्हणवता येत नाही. गंमत अशी की लहान मुलांच्या संरक्षणाचं सगळ्यात नाजूक काम करणारे सरकारी कर्मचारी मात्र या नोंदणीच्या सक्तीतून वगळलेले आहेत. व्यावसायिक संघटना त्यावर कितीतरी वर्षं भांडतेय.

तर १९७२. ऑगस्टच्या ३० तारखेला बीसीत निवडणूक झाली आणि डब्ल्यू. ए. सी. बेनेट यांची सोशल क्रेडिट पक्षाची वीस वर्षांची राजवट पडली. ५५ पैकी ३८ जागा एनडीपी या डाव्या पक्षाला. त्या एकाच निवडणुकीत निवडून आलेल्यांत हे तीन शिकलेले सोशल वर्कर होते.

पहिले डेव्ह बॅरेट, थेट मुख्यमंत्रीच (इथे प्रीमियर म्हणतात). व्हँकुव्हरच्या पूर्व भागातल्या फळविक्याचा मुलगा. सेंट लुईस विद्यापीठातून एमएसडब्ल्यू करून हेनीच्या तुरुंगात नोकरीला लागला. सरकारी नोकरीत राहून विरोधी पक्षाची उमेदवारी मागितली म्हणून १९५९ मध्ये काढून टाकला. दुसऱ्या वर्षी त्याच भागातून उभा राहिला आणि सरकारच्या मजूरमंत्र्यालाच पाडून आमदार झाला. असा सूड मला फार आवडतो, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या रोझमेरी ब्राउन. जमैकातून माँट्रियलच्या मॅकगिलला शिकायला आलेल्या. वसतिगृहात त्यांच्याबरोबर खोलीत राहायला कोणी तयार होईना. पुढे व्हँकुव्हरला भाड्याची जागा मिळेना. फोनवर जागा रिकामी, दारात उभं राहिलं की नुकतीच गेली. (मुंबईत आडनाव सांगितल्यावर नुकत्याच गेलेल्या जागा आठवा.) यूबीसीतून (इथल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातून) समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतली, बायकांच्या तक्रारी ऐकण्याचं काम केलं. कॅनडाच्या कुठल्याही प्रांतिक विधानसभेत निवडून आलेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री.

तिसरे आमचे बागवाले बार्न्स. साडेसहा फुटी, बीसी लायन्स संघाचा माजी कॅनेडियन फुटबॉलपटू, मग यूबीसीतून सोशल वर्क, मग आमदारकी सलग १९९६ पर्यंत. शेवटची दोन वर्षं विधानसभेचे अध्यक्ष. १९८६ च्या जानेवारीत ते विरोधी बाकांवर होते. गरिबांच्या संघटनांनी आव्हान दिलं की निराधार भत्त्यावर जगून दाखवा. एकट्या माणसाला महिन्याला ३५० डॉलर मिळायचे. बार्न्सनी सात आठवडे डाउनटाउन ईस्टसाइडच्या गरीब वस्तीत तसं राहून दाखवलं. एवढा आडवातिडवा देह, वजन बरंच उतरलं. ३५० डॉलरमध्ये भाडं गेल्यावर पोटाला काय राहतं, ते पेपरवाल्यांना त्यांच्या ढिल्या झालेल्या कपड्यांवरून दिसलं असेल.

आता माझा प्रश्न. आमचं काम शिकवतं ते एकेका केसकडे बघायला. हे कुटुंब, ही बाई, हा मुलगा. असा माणूस सत्तेत गेला की काय होतं? बॅरेट आणि ब्राउन एकाच पक्षात, एकाच धंद्यातले, आणि तरी बॅरेटनी ब्राउनना मंत्रिमंडळात घेतलं नाही. मला वाटतं कळीचा मुद्दा तिथे आहे. बोला.

आडगावचा_शहाणा

धागा आवडला. आमच्या वॉर्डातल्या समाजसेवकांनी गेल्या दिवाळीत उटण्याची पाकिटं वाटली. पाकिटावर फोटो त्यांचा, त्यामुळे आंघोळीच्या वेळी पंचाईत झाली.

पण मूळ मुद्दा. हे बॅरेट टिकले किती? कॅनडातल्या भाच्याला विचारलं तर तो म्हणाला कोण बॅरेट?

टिमचा_कट्टा

भाच्याला सांगा की गाडीचा विमा दरवर्षी ज्या आयसीबीसी या सरकारी कंपनीकडे भरतोस ती बॅरेटनी काढली. आम्ही व्हँकुव्हरजवळच्या सरेतले म्हातारे रोज सकाळी कॉफीवर तिलाच शिव्या घालतो, पण मोडा म्हटलं तर कोणी मोडू देणार नाही.

टिकले तीन वर्षं आणि तीनेक महिने. तेवढ्या काळात विधेयकं किती आणली? ३६७. शाळेतली छडी बंद केली (कॅनडात पहिला प्रांत), म्हाताऱ्यांना महिन्याला किमान २०० डॉलरची हमी, औषधं, प्रांताची एकच ॲम्ब्युलन्स सेवा, विधानसभेत प्रश्नोत्तराचा तास. हो, प्रश्नोत्तराचा तासही त्याआधी नव्हता! पहिल्याच बैठकीत त्यांनी सहकाऱ्यांना विचारलं म्हणतात की इथे बरेच दिवस बसायचंय, की जोवर आहोत तोवर धमाल उडवून द्यायचीय? उत्तर काय मिळालं ते दिसतंच आहे.

आणि पडले कसे तेही बघा. १९७५ मध्ये एनडीपीची मतं जवळपास तेवढीच राहिली, ३९ टक्क्यांच्या आसपास. फक्त समोरचे सगळे एक झाले. ३८ च्या १८ जागा झाल्या. बॅरेट स्वतः कोक्विटलममध्ये १८ मतांनी पडले. अठरा! आमच्या सोसायटीच्या निवडणुकीत याहून जास्त फरक असतो.

सातबारा

मी शेतकऱ्याचा मुलगा आणि आता जमीन मोजणीच्या धंद्यात. एक गोष्ट मात्र कोणी लिहिली नाही. याच बॅरेट सरकारनं १९७२ च्या डिसेंबरात, ऐन नाताळच्या तोंडावर, एका आदेशानं शेतजमिनीचं बिगरशेती होणं गोठवलं. मग १९७३ ला कायदा केला. आजही ती राखीव शेतजमीन तिथं तशीच आहे, प्रांताच्या साधारण पाच टक्के.

शहरातल्या माणसाला हे ऐकून छान वाटतं. ज्याची चार एकर जमीन शहराला लागून आहे आणि पोरीचं लग्न काढलंय, त्याला विचारा. म्हातारपणाची सगळी बेगमी त्या एन.ए.च्या आशेवर. एका रात्रीत ती शून्य. सोशल वर्करनं केसकडे बघायचं असतं म्हणता, मग या केसकडे कोण बघणार होतं?

बर्नबीकरीण

सातबारा, बोचरं आहे आणि बरोबरही. तेव्हा शेतकरी राजधानी व्हिक्टोरियात विधानसभेवर मोर्चा घेऊन गेलेच होते. त्याच वर्षी सरकारने शेतमालाच्या उत्पन्नाला हमी देणारा कायदा केला. कशामुळे, ते तुम्हीच ओळखा. पण जमिनीची किंमत गेली ती गेलीच.

तरी मला सांगा, हिंजवडीची भातखाचरं ज्यांनी विकली त्यांची पुढची पिढी आज कुठे आहे? मी तिथे दोन वर्षं व्यसनमुक्तीचं काम केलंय. पैसे आले, गाडी आली, पाच वर्षांत गाडी गेली. इथे फ्रेझर नदीच्या काठाने गेलं की शहराच्या पोटातच ब्लूबेरीचे मळे लागतात, त्यातले कित्येक पंजाबी कुटुंबांचे. त्या मळ्यांकडे बघताना मला हिंजवडी आठवते, इतकंच म्हणते.

सातबारा

घरांच्या किमती का परवडत नाहीत तिथं, तेही त्या मळ्यांकडे बघून सांगा की. असो. सहमत होणार नाही, पण वाचतोय.

गोरेगावकरीण

१९७२ वाचून अंगावर काटा आला. त्याच वर्षी आमच्या मृणालताई गोरे मालाडमधून विधानसभेत गेल्या! आणि त्याच वर्षापासून महागाई प्रतिकार समितीच्या बायका थाळ्या-लाटणी घेऊन रस्त्यावर होत्या. माझी आई सांगते, शेजारच्या काकू लाटणं मोर्चात विसरून आल्या आणि संध्याकाळी आमच्याकडून मागून नेलं.

ताईंकडे कुठे एमएसडब्ल्यू होतं? डॉक्टरकीचं शिक्षण सोडून आल्या होत्या. गोरेगावची ग्रामपंचायत, मग महापालिका, मग विधानसभा, मग लोकसभा. नळाला पाणी नाही ही 'केस' त्यांना कुठल्या कॉलेजने शिकवली नाही. उलट बाजूने बघा, मेधाताई पाटकर टाटा इन्स्टिट्यूटच्या, रीतसर समाजकार्य शिकलेल्या. २०१४ ला ईशान्य मुंबईतून उभ्या राहिल्या आणि पडल्या. तेव्हा पदवीबिदवीचं कौतुक पुरे.

केसपेपर

पदवीचं कौतुक नको, पण चेष्टाही नको. टाटांची ती संस्था १९३६ पासून आहे, म्हणजे हा अभ्यासक्रम आपल्याकडे स्वातंत्र्याआधीचा. मग निर्मला निकेतन, कर्वे. दरवर्षी एवढी मुलं बाहेर पडतात, आणि तरी डॉक्टर-वकिलांसारखी फक्त समाजकार्याची अशी स्वतंत्र कायदेशीर परिषद आम्हाला नाही. कोणीही बोर्ड लावावा.

मी एका धर्मादाय हॉस्पिटलमध्ये मेडिकल सोशल वर्कर होते. शहर आणि नाव विचारू नका. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: धर्मादाय ट्रस्टच्या हॉस्पिटलांनी दहा टक्के खाटा निर्धन आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवायच्या आणि बिलांच्या रकमेतले दोन टक्के त्यांच्या फंडात टाकायचे, अशी योजना २००६ मध्ये मुंबई हायकोर्टातून आली. मंत्रालयातून आपणहून आली नाही, हे लक्षात घ्या. कोणीतरी कोर्टात गेलं म्हणून आली.

कागदावर फंड. टेबलावर काय? एक बाई, नवऱ्याचं पोट फाडलेलं, हातात पिवळं रेशनकार्ड, त्यावर नाव सासऱ्याचं. सासरा मेलेला. मग तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणा. तहसील ऐंशी किलोमीटरवर. पेशंटजवळ कोण बसणार? मी नोटमध्ये लिहिलं की कुटुंब निर्धन असल्याचं गृहभेटीवरून दिसतं, दाखल्याची वाट न पाहता फंडातून द्यावं. वरून निरोप आला, "मॅडम, तुम्ही पेशंटच्या वतीनं लिहायचं नसतं. फक्त माहिती लिहायची." ती ओळ खोडून नोट परत लिहायला लावली.

बॅरेटला नोकरीवरून काढलं हे वाचून मला जराही आश्चर्य वाटलं नाही. बघायला शिकवतात आणि बोलायला बंदी.

बर्नबीकरीण

केसपेपर, ही ओळ वाचून ब्रिजेट मोरानबद्दल लिहावंच लागेल. मूळ धाग्यात लांबण नको म्हणून गाळली होती.

ही बीसीच्या उत्तरेत, प्रिन्स जॉर्जकडे, सरकारी सोशल वर्कर. अफाट मोठा भाग, हातात ढीगभर केसेस, अनाथ मुलांना ठेवायला घरं नाहीत. १९६४ मध्ये तिने थेट मुख्यमंत्री बेनेटना जाहीर पत्र लिहिलं की तुमचं खातं ज्या मुलांचं पालक म्हणवतं त्यांची काय दशा आहे बघा. निलंबन झालं. प्रांतिक सरकारच्या नोकरीत तिला पुन्हा कधी काम मिळालं नाही. पुढे पुस्तकं लिहिली, आणि आज प्रिन्स जॉर्जच्या भर बाजारात तिचा कांस्य पुतळा आहे.

म्हणजे तेच सरकार, तेच खातं म्हणता येईल असं काम, पाच वर्षांच्या अंतराने दोन माणसं. एकाला काढलं तो मुख्यमंत्री झाला. दुसरीला काढलं तिचा पुतळा झाला. जे नुसतेच काढले गेले त्यांची मोजदाद कोण करणार?

आणि इथेच मला ब्राउन महत्त्वाच्या वाटतात. बॅरेट खुर्चीत बसले आणि आपोआपच मालक झाले. सगळ्या सोशल वर्करांचा पगार आता त्यांच्या सहीने. ब्राउन निवडून आल्या त्या स्त्रियांच्या चळवळीतून. स्त्रियांसाठी वेगळं मंत्रालय करा ही मागणी होती, ती बॅरेटनी मानली नाही. ब्राउन मागच्या बाकावर बसून स्वतःच्याच सरकारला टोचत राहिल्या. शाळेच्या पुस्तकांतून आई स्वयंपाकघरात आणि बाबा ऑफिसात हे चित्र काढून टाकण्यासाठी समिती बसवायला लावली. १९७५ मध्ये तर त्या देशपातळीवर पक्षाच्या नेतेपदासाठी उभ्या राहिल्या. एड ब्रॉडबेंटना चौथ्या फेरीपर्यंत झुंजवलं आणि ४० टक्क्यांच्या वर मतं घेऊन हरल्या. साल १९७५, स्त्री, कृष्णवर्णीय, स्थलांतरित.

मी राहते तो बर्नबीतला एडमंड्सचा भाग १९७९ ते १९८६ त्यांचाच मतदारसंघ होता. आता तिथे त्यांच्या नावाचं आइस रिंक आहे. पोरगं तिथे घसरायला शिकतंय, मी काठावर थर्मासमधला चहा पीत उभी.

नुसताच_वाचक

एक शंका. मंत्रिमंडळात न घेतल्यामुळे त्या मोकळ्या राहिल्या हे ठीक. पण मंत्री झाल्या असत्या तर तेच काम सहीनिशी झालं नसतं का? 'आत जाऊन बदल' की 'बाहेरून दबाव' हा वाद आपल्याकडे समाजवाद्यांनी पन्नास वर्षं घातला आणि शेवटी ना आत राहिले ना बाहेर.

गोरेगावकरीण

हाहा, शेवटच्या वाक्याला दंडवत. पण विरोधात बसूनही कायदा होतो. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा देशातला पहिला कायदा १९८८ चा, आपल्या महाराष्ट्राचा. तो काही कुणा मंत्र्याला रात्री स्वप्नात सुचला नाही. आधी बायकांच्या संघटनांनी आणि विधानसभेत मृणालताईंनी तो विषय लावून धरला होता.

टिमचा_कट्टा

ब्राउन पुढे ओंटारियोच्या मानवी हक्क आयोगाच्या प्रमुख झाल्या, १९९३ ते ९६. म्हणजे सही करायची खुर्चीही मिळाली, फक्त दुसऱ्या प्रांतात. २००९ मध्ये टपाल तिकीट निघालं.

आणि बॅरेटना इतक्यात मालकांच्या रांगेत बसवू नका, बर्नबीकरीणताई. १९७४ ला त्यांच्या सरकारने एक वेगळाच प्रयोग केला. भागाभागात लोकांनी निवडलेली मंडळं नेमून स्थानिक समाजसेवांचा कारभार त्यांच्या हातात द्यायचा. व्हँकुव्हरचं रिसोर्सेस बोर्ड त्यातलंच. हातातली सत्ता खाली देणारा मालक मी तरी पाहिलेला नाही. १९७७ मध्ये पुढच्या सरकारने ते बोर्ड मोडीत काढलं.

१९८३ ला बॅरेट विरोधी पक्षनेते. सरकार काटकसरीच्या नावाखाली मानवी हक्कांची शाखा, भाडेकरूंचं संरक्षण, सगळं छाटत होतं. रात्र-रात्र सभागृह चालवायचे. एका पहाटे सभापतींच्या खुर्चीवरून बाहेर जा असं सांगितलं गेलं, बॅरेट उठेनात. शेवटी रक्षकांनी त्यांना उचलून-ओढत बाहेर नेलं. माजी मुख्यमंत्री! आम्ही दुसऱ्या दिवशी गिरणीत सकाळच्या पाळीला जेवणाचे डबे उघडून तेच बोलत होतो. माझ्या बाजूचा पोर्तुगीज म्हणाला, या माणसाला तुरुंगात नोकरी होती ना, मग उचलतात कसं ते त्याला माहीत असणार.

बर्नबीकरीण

रिसोर्सेस बोर्डाचं मी विसरलेच होते. मान्य, बॅरेटबद्दल थोडं घाईने लिहिलं. (ब्राउनबद्दल नाही.)

आडगावचा_शहाणा

धागा वाचनखुणेत. अवांतर: माझी पुतणी एमएसडब्ल्यूच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कॅनडाची स्वप्नं बघते. काय सांगू?

बर्नबीकरीण

आधी कागद. पदवीचं मूल्यमापन देशाची सोशल वर्कर्स संघटना करते, मग त्या-त्या प्रांताच्या कॉलेजची नोंदणी. फील्डवर्कचे तास दाखवणारं पत्र आत्ताच, कॉलेजात असतानाच, सही-शिक्क्यानिशी घेऊन ठेव म्हणावं. मला ते नंतर मिळवायला आठ महिने लागले, कारण माझ्या सुपरवायझर निवृत्त आणि ऑफिसात फाइल सापडेना. बाकीचं वेगळ्या धाग्यात लिहिते.

केसपेपर, त्या बाईचं पुढे काय झालं? दाखला मिळाला का?

केसपेपर

मिळाला. डिस्चार्जनंतर नवव्या दिवशी. बिल तोवर भरलं होतं तिनं, मंगळसूत्र ठेवून. दाखला घेऊन माझ्या टेबलापाशी आली आणि विचारलं, "मॅडम, हा आता कुठं द्यायचा?" मी झेरॉक्स काढून फाइलला लावला.

आणि खोडलेल्या ओळीची नोट माझ्याकडे आहे अजून.